ईथरची बाटली, शिल्लक निरंक

भिलाईत मरोद्याच्या सडकेला लागून एका खासगी संस्थेची संशोधन प्रयोगशाळा होती. भट्ट्यांना लागणाऱ्या विटा, खनिजं, लोखंडातून निघणारी मळी, यांचं पृथक्करण तिथे चाले. पुढे तीन खोल्या, मागे नळ आणि बाभळीची दोन झाडं, आणि त्यांच्याही मागे सिमेंटच्या पत्र्याचं छप्पर असलेलं भांडार. तेजाब, विषारी क्षार, ठिणगीसरशी पेट घेणारे द्रव, असला सगळा जहाल माल त्या भांडारात राही. कोणती बाटली कधी आली, किती वापरली, किती उरली, याची नोंद ठेवायची जबाबदारी विद्याधर खानझोडेची.

विद्याधर मूळचा वर्धेकडचा. रसायनशास्त्रात बी. एस्सी. करून तो भिलाईला आला तो भावाच्या आधाराने, आणि राहिला तो बायकोच्या. प्रेमला पोलादाच्या प्लांटात क्लार्क होती. सेक्टर दोनचं क्वार्टर तिच्याच नावावर होतं. घरी त्याला फारसं कोणी विचारत नसे असं नाही, पण जिथे त्याला खरी किंमत होती ती जागा म्हणजे त्याचं टेबल. टेबलावर लाल कापडी पाठीचं रजिस्टर, आणि रजिस्टरात त्याचं अक्षर. एकसारखं, किंचित उजवीकडे कललेलं, खाडाखोड नसलेलं. बाहेरून आलेले साहेब लोकही पान उलटताना थांबत आणि कोणी लिहिलं म्हणून विचारत.

दरवर्षी मार्चमध्ये भांडाराची प्रत्यक्ष मोजणी करायची, असा नियम होता. सुरुवातीची वर्षं त्याने ती केली. पण आत गेलं की त्या वासाने त्याला खोकल्याची उबळ येई, दोन-दोन दिवस छाती भरून राही. अठ्ठ्याहत्तर साली माल पुढच्या खोलीतून मागच्या भांडारात हलवला, तेव्हा रजिस्टर आणि कपाटं यांचा मेळ बसेना. सहा-सात बाटल्या सापडतच नव्हत्या. त्याने दोन दिवस शोधलं, आणि तिसऱ्या दिवशी त्या नावांपुढे लिहून टाकलं, 'खपली. शिल्लक निरंक.' कोणी काही विचारलं नाही. पुढच्या मार्चला तो भांडाराच्या दारापर्यंत गेला. त्याच्या पुढच्या मार्चला तेवढंही नाही. गेल्या वर्षीच्या आकड्यांतून वर्षभरात दिलेला माल वजा करायचा, खाली सही ठोकायची. मोजणी झाली.

मग चौऱ्याऐंशीच्या डिसेंबरात भोपाळला ते वायुकांड झालं. गावोगाव लोक धास्तावले. जानेवारीच्या सुरुवातीला संस्थेच्या मुख्य कचेरीतून प्रयोगशाळेचे प्रमुख देवराव साहेब यांना पत्र आलं. आपल्याकडे असलेल्या प्रत्येक घातक रसायनाची यादी प्रत्यक्ष पाहून, मोजून पाठवावी. मुदत आठ दिवस. देवराव साहेबांनी पत्र विद्याधरपुढे ठेवलं. त्याने यादी दोन दिवसांत दिली, खुर्चीवरून न उठता, रजिस्टरावरून. साहेबांना निवृत्तीला चार महिने राहिले होते. त्यांनी सगळ्यांना बोलावून ती यादी दाखवली आणि काम असं करावं म्हणाले. विद्याधरने संकोचाने मान खाली घातली. संकोच खोटा होता. त्याला बरं वाटलं होतं.

फेब्रुवारीतली गोष्ट. दुपारी डबा उघडून तो पहिला घास मोडत होता, तेव्हा चंपत दारात येऊन उभा राहिला. चंपत प्रयोगशाळेतला अटेंडंट, भंडाऱ्याकडचा, चाळिशीचा. बाटल्या धुणं, सामान आणून देणं, झाडलोट, सगळं त्याच्याकडे. तो तिथे बारा वर्षं होता आणि भांडारात रोज जाणारा माणूस तोच होता.

"बाबूजी," तो म्हणाला, "मांगच्या खोलीत लोखंडी आलमारीच्या आड एक भुरी बाटली सापडली. ईथर लिवलं हाये तिच्यावर. जुनी दिसते. झाकणापाशी साखरेवानी काही तरी जमून राहिलं."

विद्याधरच्या डोळ्यांपुढे आधी आली ती यादी. सहीशिक्क्यानिशी गेलेली यादी. बाटली या टेबलावर आली तर साहेब विचारणार, ही कुठून आली? मग रजिस्टर उघडणार, आणि तिथे 'खपली' हा शब्द निघणार. दुसरं जे आलं ते अगदी पुसट, कॉलेजातल्या कुठल्याशा तासाचं, जुन्या ईथरबद्दल काही तरी. 'साखरेवानी' हा शब्द मनात कुठे तरी टोचला. पण भाजी गार होत होती.

"ते रजिस्टरात नाही आहे," तो म्हणाला. "बाहेर नेऊन फेकून दे तिले. कोणाले दाखवत बसू नको."

चंपत बरं म्हणून गेला. विद्याधरने घास तोंडात घातला.

चंपतने बारा वर्षांत एकही बाटली भरलेली फेकली नव्हती. आतलं ओतायचं, बाटली धुवायची, मग टाकायची, हे त्याला याच प्रयोगशाळेत शिकवलं होतं. त्याने ती मागच्या नळापाशी नेली आणि झाकण फिरवलं. आवाज असा झाला की पुढच्या खोलीतल्या खिडकीची काच निखळून खाली आली. विद्याधर धावत गेला तेव्हा चंपत नळाच्या ओट्याला टेकून बसलेला होता. तो ओरडत नव्हता. उजवा हात डाव्या हाताने धरून त्या हाताकडे पाहत होता, जणू तो दुसऱ्या कोणाचा असावा.

उजव्या हाताची तीन बोटं गेली. उजवा डोळाही गेला.

महिन्याभराने मुख्य कचेरीहून तीन जणांची चौकशी समिती आली. कामकाज हिंदीतून चाललं. टेबलावर रजिस्टर ठेवलं होतं. त्यात ईथरची ती बाटली सात वर्षांपूर्वीच खपलेली होती, आणि जानेवारीच्या यादीतही नव्हती. चंपत पट्ट्या बांधलेला, खुर्चीच्या टोकावर बसून सांगत होता. बाटली सापडली, मी बाबूजींना जाऊन सांगितलं, त्यांनी फेक म्हटलं. समितीतल्या म्हाताऱ्या गृहस्थांनी विद्याधरकडे वळून विचारलं, हा माणूस तुमच्याकडे आला होता का?

खोलीत पंखा फिरत होता. विद्याधरने रजिस्टराकडे पाहिलं.

"मुझे ऐसा कुछ याद नहीं," तो म्हणाला.

नाही म्हणण्याची त्याची हिंमत झाली नव्हती, म्हणून त्याने हे वाक्य घरून तयार करून आणलं होतं. चंपत त्याच्याकडे वळला. एका डोळ्याने, तोंड थोडं उघडं टाकून, तो पाहत राहिला. त्या नजरेत राग असता तर विद्याधरला सोसलं असतं. पण चंपत नुसता गोंधळलेला दिसत होता.

समितीने मग सरळ निष्कर्ष काढला. बाटली नोंदीत नाही, म्हणजे ती कोणी तरी दडवून ठेवलेली. भांडारात रोज जाणारा माणूस एकच. तेव्हा त्यानेच ती बाहेर नेण्यासाठी लपवली असावी. चंपतला कामावरून काढलं. देवराव साहेब एप्रिलमध्ये निवृत्त झाले. निरोपाच्या भाषणातही त्यांनी विद्याधरच्या टापटिपीचा उल्लेख केला. टाळ्या वाजल्या. विद्याधर हात धुवायच्या निमित्ताने बाहेर गेला, आणि मागच्या नळापाशी जायला नको म्हणून तसाच व्हरांड्यात उभा राहिला.

त्या दिवसांत तो घरी फार बोलत नसे. सायकलने येता-जाता चंपतच्या वस्तीचा रस्ता टाळून लांबच्या वळणाने जाई. तरी एकदा सेक्टर सहाच्या बाजारात त्याला चंपतची बायको रुक्मा दिसली. ती तिथल्या चार क्वार्टरांत भांडी घासायला लागली होती. त्याने भाजीची पिशवी तिथेच हातगाडीवर सोडली आणि भलत्याच गल्लीत शिरला. घरी आल्यावर प्रेमलाने पिशवी विचारली, तर विसरलो म्हणाला. आजकाल तुमाले काहीच याद नाही राहत, असं ती सहज म्हणाली. त्या दिवशी तो जेवला नाही.

देवराव साहेबांच्या जागी डॉ. सुमेधा दाणी आल्या. रायपूरच्या जुन्या मराठी घराण्यातल्या, वय तेहतीस-चौतीस, बोलणं मऊ आणि काम कडक. पहिल्याच दिवशी विद्याधरने रजिस्टर पुढे केलं, तर त्यांनी ते न उघडता बाजूला ठेवलं.

"खानझोडेजी, आधी खोली पाहू," त्या म्हणाल्या.

दोघांनी मोजायला सुरुवात केली. मॅडम बाटली उचलत, पुसत, नाव वाचत. तो कार्डावर लिही. नाव, वजन, आली कधी, उघडली कधी, कशापासून दूर ठेवायची. तोंडाला रुमाल बांधूनही तो खोकत होता. पहिल्या दिवशी रजिस्टरात नसलेल्या तेवीस वस्तू निघाल्या. दुसऱ्या दिवशी, रजिस्टरात असलेल्या पण कपाटात नसलेल्या अकरा. पाऱ्याची एक कुपी उंदरांच्या लेंड्यांत आडवी पडलेली होती. सायनाइडचा डबा तेजाबाच्या बाटल्यांना खेटून होता. दोन्ही फुटून एकमेकांत मिसळले असते तर कुठला वायू सुटला असता, हे मॅडमनी सांगितलं नाही, आणि विद्याधरला सांगायची गरज नव्हती. प्रत्येक बाटलीगणिक आता विचारतील, असं त्याला वाटे. त्या विचारत नसत. नुसतं कार्ड पुढे करत.

एकदाच त्या बोलल्या. कपाटाच्या आडची रिकामी जागा पाहत म्हणाल्या, ईथर उघडून ठेवलं की हवेने त्यात हळूहळू स्फोटक तयार होतं. झाकणाच्या आट्यांत खडे जमतात. अशा बाटलीला हातसुद्धा लावायचा नसतो. "म्हणून मला नुसता आकडा पुरत नाही. उघडल्याची तारीख पाहिजे." विद्याधर हो म्हणाला. कार्डावर त्याच्या पेनची शाई पसरली आणि त्याला दुसरं कार्ड घ्यावं लागलं.

मे महिन्यातल्या एका रविवारी सकाळी दाराची कडी वाजली. प्रेमलाने दार उघडलं. रुक्मा उभी होती. तिला आत बोलावून प्रेमलाने चटई टाकली, चहा ठेवला. विद्याधरला वाटलं, आता ही बोलणार. चार घरं ऐकतील अशी बोलणार. एका परीने त्याला सुटल्यासारखं झालं. पण रुक्माने पदरातून घडी केलेला कोरा कागद काढला.

"बाबूजी, एक अर्ज लिवून पायजे. त्यायनंच सांगतलं, खानझोडे बाबूजीपाशी जाय, त्यायचं अक्षर चांगलं हाये. नव्या मॅडमले द्यायचा."

काय लिहायचं, ते तिने घरून पाठ करून आणलं होतं. बाटली मी लपवून ठेवली होती. माझ्या हातून चूक झाली. मला माफी द्यावी आणि झेपेल त्या कामावर परत घ्यावं. खाली चंपतचं नाव. डाव्या हाताचा अंगठा ती घरी जाऊन उठवून घेणार होती.

विद्याधरने पेन उघडलं आणि तसंच धरून ठेवलं.

"चूक कावून कबूल करता तुमी?" त्याने विचारलं. आपला आवाज त्याला परका वाटला.

रुक्माने त्याच्याकडे सरळ पाहिलं. तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता.

"खरं सांगून पाह्यलं ना बाबूजी. काय झालं?"

स्वयंपाकघराच्या दारात प्रेमला कप घेऊन थबकली होती. विद्याधरने लिहायला घेतलं. अजूनही तो सांगू शकला असता. पेन खाली ठेवून चार शब्द बोलायचे, एवढंच होतं. त्याने ते केलं नाही. नवऱ्याची बोटं ज्याच्यामुळे गेली त्याच्यासमोर ती बसली होती, आणि तो तिच्यासाठी सुबक अक्षरात लिहीत होता, 'माझ्या हातून चूक झाली.' लिहून झाल्यावर तिने कागदावर फुंकर मारली, शाई वाळल्याची खात्री केली, आणि तो जपून पदरात बांधला. जाताना ती दोघांना नमस्कार करून गेली.

प्रेमला कप उचलायला आली. रुक्माने चहा पूर्ण घेतला होता. विद्याधरच्या कपावर साय धरली होती.

"तो आलता ना तुमच्यापाशी? सांगाले?" तिने विचारलं.

प्रेमलाने उत्तराची वाट पाहिली नाही. कप घेऊन ती आत गेली आणि दिवसभर त्याच्याशी गरजेपुरतंच बोलली. पंचवीस वर्षांच्या संसारात त्याने तिचा राग पुष्कळदा पाहिला होता. ती त्याच्याकडे पाहायचं टाळते आहे, हे तो पहिल्यांदाच पाहत होता.

सोमवारी मॅडमनी त्याला बोलावलं. टेबलावर तो अर्ज होता, खाली जांभळा अंगठा. शेजारी शनिवारपर्यंतची कार्डं. त्यांनी दोन्हीवर आळीपाळीने नजर फिरवली.

"हे तुमचं अक्षर."

"हो."

"यातलं खरं किती?"

विद्याधर उभाच होता.

"नाव तेवढं खरं आहे, मॅडम," तो म्हणाला.

मग त्याने सगळं सांगितलं. अठ्ठ्याहत्तरची मोजणी, 'खपली' हा शब्द, सहा वर्षांच्या न केलेल्या मोजण्या, टेबलावर बसून केलेली यादी, डबा, चंपत, चौकशी. सांगताना तो खिडकीकडे पाहत होता. मॅडमनी मध्ये तोडलं नाही. झाल्यावर म्हणाल्या, हे लिहून द्या, आत्ता, इथे बसून. त्याने लिहिलं. दोन पानं झाली. त्यांनी ती वाचली आणि विचारलं, "झाकणाला काही जमलंय, असं तो म्हणाला होता?"

"साखरेसारखं म्हणाला होता."

"आणि तुम्ही बी. एस्सी. आहात. तुम्हाला कळलं होतं?"

हा प्रश्न त्याने स्वतःलासुद्धा विचारला नव्हता. नाही म्हटलं असतं तर कोणी खोटं पाडू शकलं नसतं. बाहेर कोणी तरी नळ सोडला होता.

"थोडं कळलं होतं," तो म्हणाला. "मी जेवत होतो."

"तेही लिहा," त्या म्हणाल्या, आणि कागद परत त्याच्यापुढे सरकवला.

नोकरी जाईल अशी त्याची खात्री होती. गेली नाही. भांडाराच्या किल्ल्या त्याच दिवशी काढून घेतल्या. मुख्य कचेरीहून आलेल्या कागदात त्याला कडक शब्दांत ताकीद होती, आणि यापुढे कुठल्याही नोंदीवर त्याची सही चालणार नाही असं होतं. पुढच्या खोलीत नमुन्यांची पोती उतरवून घ्यायचं काम त्याला मिळालं. चंपतवरचा ठपका काढला. त्याला जुनं काम करता येणार नव्हतं, म्हणून फाटकावर चौकीदार म्हणून घेतलं. राहिलेली मोजणी मॅडमनी दुसऱ्या एका केमिस्टला बरोबर घेऊन पुरी केली.

मुख्य कचेरीचा तो कागद यायच्या आधीच्या रविवारी, दुपारी विद्याधर चंपतच्या घरी गेला होता. आपण कबुली दिली हे दुसऱ्या कोणाच्या तोंडून चंपतला कळू नये, एवढंच त्याला वाटत होतं. चंपत बाजेवर बसला होता. विद्याधरने उभ्या उभ्याच सांगितलं की मॅडमला सगळं सांगितलं आहे, तुमचं नाव साफ होईल. बारा वर्षांत तो पहिल्यांदाच चंपतला तुमी म्हणत होता. मग चंपतने जे विचारलं त्याची विद्याधरने कधी कल्पनाही केली नव्हती.

"मंग मी आलतो ना बाबूजी, तुमच्यापाशी? त्या दिवशी?"

"आलते. मी जेवून राहिलो होतो."

चंपतने मोठा श्वास सोडला आणि आत वळून रुक्माला म्हणाला, "पाह्य, म्हटलं होतं मी." मग पुन्हा विद्याधरकडे पाहून हळूच बोलला. "तुमी याद नाही म्हटलं तवापासून माह्या डोक्यात येकच. तुमच्यावानी शिकला माणूस खोटं कायले बोलंन? दवाखान्यात सुई देऊन निजवत होते मले. वाटे का मीच सपनात पाह्यलं. वाटे का खरंच मी लपवली असंन ते बाटली, अन् मले याद नसंन."

विद्याधर माफी मागायला आला होता. ते शब्द त्याने वाटेत सायकलवर दोनदा जुळवले होते. त्यातला एकही आता तोंडावर येण्याजोगा उरला नव्हता. डोळा आणि बोटं गेली ती बाटलीने. पण या माणसाचा स्वतःच्या आठवणीवरचा भरवसा काढून घेतला तो आपण, हे त्याला तिथे, त्या बाजेसमोर उभं असताना समजलं. रुक्माने बस म्हटलं नाही, चहाही विचारला नाही. तो तसाच निघाला.

जुलैत चंपत फाटकावर रुजू झाला. खाकी सदरा, डाव्या हातात काठी. पहिल्या सकाळी विद्याधर आला, तो दुरूनच सायकलवरून उतरला आणि ढकलत फाटकापाशी पोचला. चंपतने टाचा जुळवल्या, काठी बगलेत धरली आणि डावा हात कपाळाला लावून त्याला सलाम ठोकला.

"मले नको करत जाऊ चंपतभाऊ," विद्याधर खालच्या आवाजात म्हणाला.

"ड्युटी हाये बाबूजी," चंपत म्हणाला, आणि फाटक उघडून धरलं.

असं पुढे रोजच होत राहिलं. विद्याधर रोज उतरे, रोज खाली मान घालून तो सलाम घेई, आणि फाटक ओलांडून आत आल्यावरही बरंच अंतर सायकलवर चढत नसे.